खोकला नसला तरी टीबी असू शकतो
कुणीतरी लिहिलंय, 'खोकला नाही, एक्स-रे स्वच्छ, म्हणजे टीबी नाही.' कृपया यावर विसंबू नका. आतड्याचाही टीबी होतो, आणि त्यात छातीचा एक्स-रे अनेकदा नॉर्मलच येतो. जंतू तोच, १८८२ साली रॉबर्ट कॉखने शोधलेला. फुप्फुसात टीबी असताना थुंकी गिळली गेली तर तो पोटात उतरतो. न उकळलेल्या दुधातूनही येऊ शकतो. लहान आणि मोठं आतडं जिथे जुळतं तिथे, पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला, तो बहुधा ठाण मांडतो.

माझ्या मावशीचं वजन उतरत होतं, संध्याकाळी कसकस, पोटात कळा. कित्येक महिने ॲसिडिटीच्या गोळ्या चालल्या. शेवटी दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला तेव्हा कळलं. (क्रोन्स, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार, दिसायला जवळपास असाच, म्हणून ती तपासणी टाळू नका.) औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळाली, सहा महिन्यांचा कोर्स. त्यातल्या रिफाम्पिसिन या गोळीमुळे लघवी नारिंगी होते, घाबरून गोळ्या सोडू नका.

आणि जुलाब-खोकल्यावर मनानेच लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक तर मुळीच घेऊ नका. त्याने टीबीचा जंतू अर्धवट दबतो, तात्पुरतं बरं वाटतं आणि निदान लांबतं.