बालसंगोपनातल्या मुलाची माहिती शाळेत कुणाकुणाला असावी?

कृष्णाकाठ, सातारा
बाल कल्याण समितीच्या (निराधार मुलांनी कुठे राहायचं हे ठरवणाऱ्या जिल्ह्यातल्या समितीच्या) आदेशाने दुसऱ्या कुटुंबात, किंवा बालसंगोपन योजनेतून (अशा मुलांना सांभाळणाऱ्या घराला दरमहा पैसे देणाऱ्या सरकारी योजनेतून) आजी-मामांकडे राहणारी मुलं आपल्या शाळांत आहेत. समुपदेशक म्हणून माझं ठाम मत : त्यांच्या घरची हकिगत समुपदेशकापाशीच राहावी. वर्गशिक्षकांना एवढंच कळावं, की फोन कुणाला करायचा, सही कुणाची चालेल आणि मूल कुणाच्या हाती द्यायचं नाही. बाप कुठे आहे हा स्टाफरूममध्ये चघळायचा विषय नव्हे. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७४ अशा मुलाचं नाव, शाळा प्रसिद्ध करायला मनाई करतं. इथे मात्र योजनेच्या बोनाफाईडसाठी भर वर्गात नाव पुकारतात!

माणदेशी गुरुजी, आटपाडी
मॅडम, पटत नाही. आमच्या झेडपी शाळेत समुपदेशक आहेच कुठे? आई नाही हे ठाऊक नसलेला शिक्षक सरळ म्हणतो, "उद्या आईला घेऊन ये." पोरगं दुसऱ्या दिवशी शाळेलाच येत नाही. माहिती लपवून मूल सांभाळता येत नाही.

कृष्णाकाठ
गुरुजी, "घरच्यांना घेऊन ये" म्हणायची सवय सगळ्याच मुलांसाठी लावता येईल. समितीपुढे तारीख असली की मूल गैरहजर राहतं, परतल्यावर गप्प असतं. तेव्हा वहीचा तगादा नको, एवढं शिक्षकांना सांगायला कारण उघड करावं लागत नाही. घर बदललं की शाळाही बदलते. जुन्या शाळेच्या दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम ५ मध्ये आहे. समुपदेशकाने ते मुख्याध्यापकांपुढे ठेवावं. पण दाखल्याबरोबर मुलाची कहाणी नव्या शाळेत पोचू नये.

मिरजेची मावशी
बहिणीचा मुलगा माझ्याकडे असतो, नववीत आहे. योजनेचे महिना २,२५० रुपये मिळतात, त्यात वह्या-क्लासचं कसंबसं भागतं. तुम्ही दोघं भांडताय, पण त्याला कुणी विचारलं का? मी विचारलं. म्हणाला, "वर्गाच्या सरांना सांग, पीटीच्या सरांना नको." त्याची कारणं त्याला माहीत.

माणदेशी गुरुजी
ताई, नववीतला सांगेल. दुसरीतलं लेकरू काय सांगणार? केंद्रशाळेला एक समुपदेशक द्या, आठवड्यातून एक दिवस प्रत्येक शाळेत येऊ दे. तोवर मी मुख्याध्यापकांना विचारणारच.

कृष्णाकाठ
समुपदेशकाच्या मागणीवर माझी सही पहिली. विचारा जरूर, पण स्टाफरूममध्ये नको, केबिनमध्ये.