आकाशवाणीचं ॲप आहे म्हणून स्थानिक रेडिओ केंद्रावरचं शास्त्रीय संगीत कमी झालं तर चालेल का?

गोदाकाठ:
संभाजीनगरात रात्री गाडीत रेडिओ लावा, खासगी एफएमवर नवी हिंदी गाणी नाहीतर जाहिराती. त्यांचं पोटच जाहिरातीवर आहे, ते समजतं. पण आकाशवाणीबद्दल बोललं की सगळे म्हणतात रागम ऐका. रागम म्हणजे आकाशवाणीचंच शास्त्रीय संगीताचं चॅनल, चांगलंच आहे, 26 जानेवारी 2016 ला सुरू झालं, चोवीस तास हिंदुस्थानी अन् कर्नाटक, डीटीएचवर आणि मोबाइलवर. पण ते चालतं बेंगळुरूहून. परभणीत कोण चांगलं गातंय, अंबाजोगाईत कोण पखवाज वाजवतंय हे तिथून कसं कळणार? स्थानिक केंद्र ऑडिशन घेतं, ग्रेड देतं, रेकॉर्डिंगचं मानधन देतं, ते काम ॲप करत नाही.

खमाजप्रेमी_नांदेड:
दादा, मला नाही पटत. आमच्या लहानपणी आकाशवाणीचं परभणी केंद्र मीडियम वेव्हवर 1305 ला लावायचो, पावसाळ्यात खरखरीतून ख्याल ऐकायचा म्हणजे शिक्षाच, मंद्र सप्तक, म्हणजे खालचे सूर, तर ऐकूच येत नव्हतं. आता हेडफोन लावला की तानपुरा स्वच्छ ऐकू येतो. अन् ऑडिशनचं म्हणाल तर याच आकाशवाणीनं 1940 पासून कित्येक वर्षं हार्मोनियमला दार बंद ठेवलं होतं. केंद्रावर बसलेल्या दोन-चार लोकांनी ठरवायचं कोण कलाकार, ते दिवस गेले ते बरंच झालं.

तिहाई:
नांदेडकरांशी सहमत. जबरदस्तीनं काही होत नाही. 1952 ला केसकर माहिती व प्रसारण मंत्री झाले, आकाशवाणीवर सिनेसंगीत बाजूला सारलं, लोक गेले श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनला. शेवटी 1957 ला आकाशवाणीला गाण्यांसाठी विविध भारती काढावी लागली.

गोदाकाठ:
तिहाई भाऊ, सिनेमाची गाणी बंद करा असं मी कुठं म्हणलो? उलट त्याच विविध भारतीवर 'संगीत सरिता' होतं, सकाळी पंधरा मिनिटं, रागाची ओळख अन् त्याच रागातलं सिनेमाचं गाणं. घरात आई डबा भरतेय, पोरं दप्तर शोधतायत, आणि कानावर यमन पडतोय, कुणी मागितला नव्हता तरी. माझ्यासारख्या किती जणांना राग ओळखायला त्यानंच शिकवलं. ॲपवर तुम्ही तेच ऐकता जे तुम्हाला आधीच आवडतं. आपल्या मराठवाड्याचे गायक नाथराव नेरळकर यांचं गाणं आज इथल्या पोराला यूट्यूबवर सापडेल, पण नाव माहीत असेल तरच ना!

मालकंस_बीड:
एक मुद्दा राहिला, भरवसा. वर्ल्डस्पेस आठवतंय का, सॅटेलाइट रेडिओ, त्यावर गंधर्व नावाचं हिंदुस्थानी संगीताचं चॅनल होतं, आमच्या काकांनी पैसे भरून सेट आणला होता. 31 डिसेंबर 2009 ला भारतातलं प्रसारणच बंद, सेट घरात तसाच पडून. म्हणून सरकारी केंद्र पाहिजे असं माझं मत, त्याला नफ्यातोट्यावर कुलूप लागू नये.

खमाजप्रेमी_नांदेड:
भरवशाचं मान्य, पण श्रोता नाही आला तर केंद्र तरी कुणासाठी चालवायचं? नव्या पोरांच्या घरात रेडिओचा सेटच नाही. स्थानिक कलाकारांचं रेकॉर्डिंग करा, जरूर करा, पण ते मोबाइलवर टाका, रात्री दहाला रेडिओपुढं बसा असं कुणाला सांगू नका.

गोदाकाठ:
मोबाइलवर टाकायला माझी ना नाहीच. पण रेकॉर्डिंग करायला स्टुडिओ, साउंडचा माणूस, तंबोरा लावून देणारा इथंच लागतो, बेंगळुरूला नाही. आठवड्यातून एक ठरलेला तास आकाशवाणीच्या इथल्या एफएमवर, 101.7 वर, फक्त मराठवाड्याच्या गवयांना द्या, निवेदकानं राग, ताल, साथीदार सगळ्यांची नावं घ्यावीत, अन् तोच कार्यक्रम दुसऱ्या दिवशी ॲपवर. एवढी मागणी लेखी द्यायची तर इथले कोण कोण सही करतील?