हिरोशिमा एक वेळ समजू, पण नागासाकी?

चिंचोका:
‘बॉम्ब टाकला म्हणून युद्ध थांबलं’ हे पालुपद दर ऑगस्टमध्ये ऐकतो. ६ तारखेच्या हिरोशिमापुरतं घटकाभर मान्य करू. पण ९ ऑगस्ट १९४५चं काय? मधे तीनच दिवस. हा खरंच अणुबॉम्ब होता का, हे तपासायला टोकियोचे शास्त्रज्ञ हिरोशिमात ८ तारखेला पोचले. ९ला रशियन फौजा जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात (ईशान्य चीन) घुसल्या. त्यात नागासाकी हे त्या दिवसाचं पहिलं लक्ष्यही नव्हतं! विमान कोकुराला गेलं होतं. तिथं ढग आणि धुरामुळे खालचं दिसेना, म्हणून वळलं. ही लष्करी गरज?

नाना_सांगलीकर:
साफ असहमत. ९ला सकाळी जपानच्या युद्धमंडळाची बैठक चालू असतानाच नागासाकीची बातमी आली. तरी शरणागतीच्या अटींवर मतं तीन विरुद्ध तीन. शेवटी मध्यरात्रीनंतर सम्राटाला स्वतः कौल द्यावा लागला. १४च्या रात्री तर काही अधिकारी राजवाड्यात घुसून सम्राटाच्या शरणागतीच्या भाषणाची रेकॉर्ड शोधत होते, ते रेडिओवर जाऊ नये म्हणून. असल्यांना आणखी मुदत द्यायची? तिकडे चीनमध्ये रोज माणसं मरत होती. जपानच्या ताब्यातल्या मलायात उतरायच्या तयारीत असलेल्या फौजेत आपलेही जवान होते, तेही धरा हिशेबात.

चिंचोका:
नाना, तुम्ही माझंच काम सोपं केलंत. बातमी येऊनही एक मत हललं नाही, मग त्या बॉम्बनं साधलं काय? सम्राट हलला तो रशियामुळे की हिरोशिमामुळे, यावर इतिहासकार अजून भांडताहेत. नागासाकीचं नाव त्या भांडणातही शेवटीच येतं.

पागोळी:
तुमचे सगळे हिशेब सेनापतींचे. हिरोशिमात हजारो कोरियन मेले. जपानच्या वसाहतीतली माणसं, बरीचशी मजुरीला जुंपलेली. त्यांचं स्मारक १९७०मध्ये उभं राहिलं तेही शांतता उद्यानाबाहेर. आत यायला १९९९ उजाडलं. आणि अमेरिका? हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं विमान १९९५मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात मांडायचं होतं. सोबत एका शाळकरी मुलीचा डबाही, आतला भात-वाटाणा जळून कोळसा झालेला. माजी सैनिकांच्या संघटना आणि खासदार तुटून पडले, संचालकांनी राजीनामा दिला. विमान मांडलं, डबा नाही.

नाना_सांगलीकर:
पागोळीताई, कोरियन स्मारकाबद्दल शंभर टक्के सहमत. पण नुसता डबा दाखवून नानकिंग (चीनमधलं जपानी हत्याकांड) आणि बातानचं (फिलिपिन्समधल्या युद्धकैद्यांची जीवघेणी पायपीट) नाव खालच्या आवाजात घेतलं तर माजी सैनिक चिडणारच. आणि अवांतर वाटेल, पण ९-१० मार्च १९४५ला टोकियोत साध्या आगलाव्या बॉम्बनी एका रात्रीत लाखाच्या आसपास माणसं गेली. त्यावर का नाही धागा काढत कुणी?

चिंचोका:
काढा, पहिला प्रतिसाद माझा. फक्त ‘मार्चपासून जाळतच होतो’ हे ऑगस्टचं समर्थन म्हणून तिथं चिकटवू नका.