राधानगरीचे दरवाजे कुणी उघडत नाही

दादा, “राधानगरीचे दरवाजे ऐन पुरात का उघडले?” असं तुम्ही आमच्या कोल्हापूरच्या राधानगरी धरणाबद्दल विचारलंय. तळमळ कळते, पण ते सातही दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव काठोकाठ भरला की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, एकेकातून 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. पातळी उतरली की आपोआप बंद. तिथं कुणी बटण दाबत नाही.

म्हणून प्रश्न त्या दिवसाचा नाहीच, आधीच्या तीन आठवड्यांचा आहे. जुलैच्या सुरुवातीला पायथ्याच्या वीजगृहातून किती पाणी काढलं, तलावात किती जागा मोकळी ठेवली, ते विचारा. उन्हाळ्याच्या धास्तीनं धरण लवकर भरायचं आणि मग पावसाच्या भरवशावर बसायचं, हे मला पटत नाही.

सगळा दोष धरणाचाही नाही म्हणा. राधानगरी एकट्या भोगावती नदीवर आहे; कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती मिळूनच पंचगंगा होते, आणि धरणाखाली पडणारा पाऊस कोण अडवणार?

मी पंचगंगेकाठच्या चिखलीचा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा आणि 43 फुटांवर गेलं की धोका, हे आमच्याकडं पोरंसुद्धा सांगतात. 2019 ला पाणी 55 फुटांवर गेलं. रात्री दावी सोडून म्हशी उंचावरच्या सोनतळीकडं हाकलल्या, एक गाभण म्हैस रस्त्यातच बसली. आई तिच्या पाठीवर हात ठेवून पाण्यात उभी होती. आम्हाला फक्त एक दिवस आधी, स्पष्ट आकड्यात कळायला हवं: तलाव किती भरला, दरवाजे कधी उघडतील. तेवढा फलक गावच्या चावडीवर लावा.