आठवणे, लक्षात राहणे, माहीत असणे: ‘मेमरी’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न

मानसशास्त्राच्या एका पाठ्यपुस्तकाचं भाषांतर करते आहे. ‘मेमरी’ला सगळीकडे ‘स्मृती’ लिहीत गेले, तर आता पानापानावर अडखळायला होतंय. ‘प्रोसिजरल मेमरी’चं ‘प्रक्रियात्मक स्मृती’ केलं आणि वाचून मलाच बोध होईना. आठवण, स्मरण, स्मृती, लक्षात असणं, ध्यानात असणं यांत फरक कसा करायचा?

प्रतिसाद

अडचण नामांची आहे असं मला वाटतं. मराठीत हे सगळं आपण क्रियापदांनी बोलतो. गोष्ट आधी लक्षात येते, ती आपण लक्षात ठेवतो, ती लक्षात राहते आणि वेळेला आठवते. एन्कोडिंग (नोंद होणं), स्टोरेज (साठवण), रिट्रीव्हल (वेळेला परत मिळणं) या तिन्ही पायऱ्या त्यात आल्या. ‘लक्ष’ म्हणजे अवधान आणि ‘लक्षात’ म्हणजे स्मरणात. ‘ध्यान’ या शब्दाचंही तेच. किल्ली सापडत नाही तेव्हा ‘ठेवताना लक्षच नव्हतं’ म्हणतो, ते निदान अगदी बरोबर असतं. जिकडे अवधान नाही ते मेंदू फारसं साठवतच नाही.

व्याकरणही पाहा. ‘मला आठवलं’, पण ‘मी विसरले’. विसरण्याची कर्ती मी; आठवणारी गोष्ट मात्र आपणहून माझ्याकडे येते. मुद्दाम खटपट करायची तर ‘आठवून बघते’ म्हणावं लागतं. ‘आठवण येणं’ आणखी वेगळं, ते माणसाची, गावाची ओढ लागण्याबद्दल. पासवर्ड आठवत नाही. त्याची आठवण येत नाही असं कुणी म्हणत नाही.

तुमच्या पुस्तकात मानसशास्त्रज्ञ एंडेल टुल्व्हिंग असणारच. त्यांनी 1972 मध्ये एपिसोडिक आणि सिमँटिक असे दोन भाग केले. पहिला, स्वतः अनुभवलेला प्रसंग. दुसरा, नुसतं ज्ञान. दिल्ली राजधानी आहे हे मला ‘माहीत आहे’, तिथल्या थंडीत मी कुडकुडले ते मला ‘आठवतं’. यांची अदलाबदल करून बघा, वाक्य लगेच खटकतं. म्हणून ‘प्रसंगस्मृती’ आणि ‘अर्थस्मृती’ या संज्ञा एकदा द्या आणि पुढे ‘आठवतं’ व ‘माहीत आहे’ यांवरच चालवा.

आता ‘प्रक्रियात्मक’. त्याला घरोघरी शब्द आहे: हात बसणं. पोळ्या लाटायला, सायकलला, टायपिंगला. हेन्री मोलेसन यांची हकिकत यावर फार बोलकी आहे. अपस्मार आवरत नव्हता म्हणून 1953 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी, त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नवे प्रसंग साठवायला लागणाऱ्या भागाचा, मोठा हिस्सा काढला. झटके कमी झाले, पण नवा प्रसंग त्यांच्या लक्षात राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना दुहेरी रेषांची चांदणी दिली. त्या दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची, पण हाताकडे न बघता, आरशात बघून. करून पाहा, पेन्सिल भलतीकडेच जाते. चांदणीच्या टोकाशी तर हात अडूनच बसतो. मोलेसनही पहिल्या दिवशी चुकले. तीन दिवसांत रेघ सफाईनं फिरू लागली, आणि ती चांदणी आपण आधी गिरवली आहे हे त्यांना दर वेळी नवंच होतं. हाताचं शिकणं मेंदूत वेगळ्या वाटेनं होतं हे यातून उमगलं.

आणखी एक प्रश्न

आणि शब्द ओठांवर येऊन अडतो, ते कशात बसतं? तो लक्षात तर असतो.

प्रतिसाद

असतोच, म्हणून तर जीव कासावीस होतो! माझ्या आजीचं सांगते. चुलीवरचं पातेलं उतरवायचं होतं. हात पुढे करून म्हणाली, ‘अगं ती दे ना, ती... सां... सांडगे... सांडगे नाही गं!’ तिला सांडशी हवी होती. दोन बोटं चिमटीसारखी उघडमीट करून दाखवत होती, म्हणजे वस्तू, तिचं काम, आकार, सगळं डोळ्यांपुढे होतं. पहिलं अक्षरही हाती होतं. तरी नाव सुटं होऊन येईना.

हार्वर्डमध्ये रॉजर ब्राऊन आणि डेव्हिड मॅकनील या मानसशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये नेमकं हेच मांडलं. विद्यार्थ्यांना क्वचित वापरातल्या शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या. समुद्रावर सूर्य-ताऱ्यांची उंची मोजायच्या ‘सेक्स्टंट’ची व्याख्या ऐकून काहींना ‘सेकंट’, ‘सेक्स्टन’ असे आवाजाचे शेजारी सुचले. अडलेल्या शब्दाचं पहिलं अक्षर निम्म्याहून जास्त वेळा बरोबर सांगता आलं. अर्थ एकीकडे, आवाज दुसरीकडे, आणि त्यांतला दुवा ऐन वेळी कमजोर. आजीची सांडशी आणि सांडगे तेच सांगत होते.

म्हणून ‘शब्द विसरले’ आणि ‘शब्द आठवत नाही’ यांत मी भेद ठेवते. ओठांवरचा शब्द विसरलेला नसतो.

प्रतिसाद

आमच्याकडे नागपूरला आठवणीला ‘याद’ही म्हणतात. इतरत्र ‘याद राख’ म्हटलं की धमकी होते. ‘यादी’ही त्याच फारसी ‘याद’चं लेकरू.

मूळ प्रश्नकर्ती

खूप आभार. मोलेसन यांच्याबद्दलचं वाक्य आता असं लिहिलं आहे: ‘त्यांचा हात बसला, पण सराव केल्याचं त्यांना आठवत नव्हतं.’ चालेल?

प्रतिसाद

‘आठवत नव्हतं’च्या जागी ‘लक्षात राहिलं नव्हतं’ करा. लहानपणचं त्यांना आठवत होतं. नवं काही मनात टिकून राहणंच थांबलं होतं.