पाठ टाचणात नवे किती आणि जुने किती?

पाटीपेन्सिल

घरी इंग्रजी कानावर न पडणाऱ्या ६ ते ८ वर्षांच्या मुलांना मी ११ वर्षे इंग्रजी शिकवते आहे. या काळात पाठ टाचण, म्हणजे तासिकेत काय आणि कसे शिकवायचे याची आधी लिहिलेली नोंद, लिहिण्याची माझी पद्धत पार उलटी झाली, आणि ती तशी व्हायलाच हवी होती असे माझे ठाम मत असल्यामुळे हा धागा काढते आहे. पूर्वी मी प्रत्येक तासिकेला नवा उपघटक घेत असे. सोमवारी रंग, मंगळवारी प्राणी, बुधवारी ‘धिस इज’ आणि ‘दॅट इज’. टाचण वेळेत पुरे होई, उपघटकासमोर बरोबरची खूण पडे आणि पुढच्या सोमवारी मुलांच्या तोंडी त्यातले जवळजवळ काहीच उरलेले नसे.

आता ४० मिनिटांच्या तासिकेतील किमान २५ मिनिटे मी मुलांनी आधी ऐकलेल्या भाषेसाठी राखून ठेवते. एकच गोष्ट पंधरवडाभर, म्हणजे १० तासिका चालते आणि तिच्यात नवे शब्द १५ पेक्षा जास्त नसतात. खेळांचे नियमही मी इंग्रजीतूनच सांगते.

यामागचा हिशेब साधा आहे. आठवड्याला ४० मिनिटांच्या ५ तासिका आणि वर्षाचे ३० आठवडे धरले तर मुलाच्या वाट्याला १०० तास येतात. मूल दिवसाचे १० तास बोलत्या माणसांच्या संगतीत जागे असते असे मानले, तर वर्षभराचे इंग्रजी म्हणजे घरच्या भाषेचे जेमतेम १० दिवस. एवढ्या तुटपुंज्या वेळात रोज नवे देत राहणे म्हणजे कालचे रोज वाहून जाऊ देणे होय. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर केलेल्या आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाठांतराच्या प्रयोगांतून दाखवून दिले की विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा दिवसांमध्ये वाटून केलेली उजळणी कमी श्रमात टिकते. हे आपण सगळे प्रशिक्षणात शिकतो, पण टाचणाच्या वहीत उजळणीला शेवटच्या पाच मिनिटांपलीकडे जागा देत नाही.

एक उदाहरण देते. हरवलेल्या मांजराची एक छोटी गोष्ट मी स्वतः रचली आहे. मांजर पेटीत आहे का, टेबलाखाली आहे का, दाराआड आहे का, एवढाच तिचा विस्तार. पहिल्या दिवशी मी ती चित्रांवरून सांगते. दुसऱ्या दिवशी मुले खेळण्यातले मांजर हातात घेऊन वर्गभर फिरतात. चौथ्या दिवशी मांजराच्या जागी चेंडू येतो, सातव्या दिवसापासून लपवणारी मुले आणि शोधणारी मी. गेल्या खेपेस आठव्या दिवशी गणिताच्या तासाला एका मुलाची पेन्सिल घरंगळत गेली. तो खाली वाकला आणि कोणी विचारले नसताना म्हणाला, ‘माय पेन्सिल इज अंडर द बेंच.’ गोष्टीत पेन्सिल नव्हती आणि बेंचही नव्हता. ते वाक्य त्याने स्वतः जुळवले होते.

म्हणून माझ्या टाचणात आता तीनच रकाने असतात: मी नेमकी कोणती वाक्ये बोलणार, मुले हातापायांनी काय करणार, आणि मागचे काय परत येणार. उद्दिष्ट मी सर्वांत शेवटी लिहिते.

खडूफळा

पाटीपेन्सिल यांची तळमळ मला मान्य आहे आणि १०० तासांचा हिशेबही मान्य आहे. मात्र त्याच हिशेबातून माझा निष्कर्ष अगदी उलट निघतो. वेळ इतका थोडा असेल तर भाषा गोष्टीतून झिरपत येईल म्हणून वाट पाहणे आपल्याला परवडणारे नाही. ३० आठवड्यांत त्यांच्या पद्धतीने १५ गोष्टी होतात आणि प्रत्येकीत १५ शब्द धरले तर वर्षाअखेर मुलाकडे फार तर २२५ शब्द जमतात. शिवाय कोणती वाक्यरचना येणार हे गोष्ट ठरवणार. मांजर हरवल्यामुळे ‘अंडर’ला १० दिवस मिळाले, मग ‘आय वाँट’, ‘कॅन आय’, ‘आय डोंट अंडरस्टँड’ यांना कोणत्या मांजराने न्याय द्यायचा? मुलाला वर्गात पहिल्या आठवड्यापासून लागणारी भाषा हीच आहे. ती आधी निवडली पाहिजे, क्रमाने लावली पाहिजे आणि टाचणाच्या पहिल्याच ओळीत लिहिली पाहिजे.

नुसते ऐकून काय साधते आणि काय राहून जाते, याचा मोठा दाखला कॅनडातला आहे. तेथील इंग्रजीभाषक मुले वर्षानुवर्षे फ्रेंच माध्यमातून शिकली. त्यांना फ्रेंच उत्तम समजत होते, परंतु बोलताना क्रियापदांच्या रूपांत चुका होत राहिल्या. त्यावरून तेथील भाषा-संशोधक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडले की समजणारी भाषा कानावर पडणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही, मुलाला ती अचूक वापरण्याची निकड भासावी लागते. ही मुले दिवसाचे अनेक तास फ्रेंचमध्ये होती. आपल्याकडे तासिका एक.

माझ्या वर्गातला एक मुलगा महिनाभर ‘आय बॉल वाँट’ म्हणत असे. घरच्या भाषेत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे त्याच्या दृष्टीने ते वाक्य सरळच होते. मी त्याला गोष्टी ऐकवत राहिलो असतो तर तो आणखी वर्षभर तसेच म्हणत राहिला असता. मी जमिनीवर तीन चौकोन आखले: लाल चौकोन कोण यासाठी, निळा काय करतो यासाठी, पिवळा कशाला यासाठी. मुलांनी एकेका चौकोनावर उडी मारत वाक्य म्हणायचे. पिवळ्यावर आधी उडी पडली की मुले एकमेकांना हाताला धरून मागे आणत. दोन तासिकांत त्याचा क्रम बसला. आधी रचना ठरली आणि मग तिच्यासाठी खेळ सुचला, म्हणून हे घडले.

ऐकणारा

खडूफळा, आपल्या चौकोनांवर बोलकी मुले आनंदाने उड्या मारतील, पण न बोलणाऱ्या मुलाचे काय? नवी भाषा शिकणारी कितीतरी मुले सुरुवातीचे काही महिने तोंडच उघडत नाहीत. भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी या मूक काळाकडे शिक्षकांचे लक्ष वेधले आणि मानसशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅशर यांनी १९६० च्या दशकात आज्ञा ऐकून शरीराने प्रतिसाद देण्याची जी पद्धत बांधली, तिच्यात बोलण्याची सक्ती मुद्दाम पुढे ढकललेली आहे. माझ्या वर्गातली एक मुलगी चार महिने एकही इंग्रजी शब्द बोलली नव्हती. गोष्टीची चित्रकार्डे मात्र ती दर वेळी अचूक क्रमाने लावत असे. एके दिवशी गोष्ट सांगताना माझ्याकडून एक पान उलटायचे राहिले. ती जागेवरून उठली, माझ्याजवळ आली, पान मागे उलटले आणि म्हणाली, ‘नो. डॉग.’ मग परत जाऊन बसली. तिला आधीच बोलते करायचा हट्ट मी धरला असता तर ती उठली असती का, याची मला शंका वाटते. टाचणात प्रत्येक प्रश्नासमोर न बोलता देता येणारे उत्तर लिहून ठेवावे: बोट दाखवणे, उभे राहणे, चित्र लावणे.

खडूफळा

ऐकणारा, मूक मुलाला वेळ द्यावा हे निर्विवाद आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. सगळा वर्ग उभा राहिला की न समजलेले मूलही शेजाऱ्याकडे पाहून उभे राहते आणि आपण टाचणात ‘सर्वांना समजले’ असे लिहून मोकळे होतो. म्हणून मी आठवड्यातून एकदा मुलांना डोळे मिटायला लावतो आणि मग ‘टच युवर नी’, ‘पॉइंट टू द डोअर’ अशा सूचना देतो. गेल्या वर्षी पहिल्यांदा असे केले तेव्हा वर्गातल्या निम्म्या मुलांचे हात अधांतरीच थांबले होते. ते दृश्य पाहिल्यापासून वरवरच्या प्रतिसादावर मी विसंबत नाही.

अनुस्वार

दोन्ही बाजू वाचून दोन गोष्टी मांडाव्याशा वाटतात.

पाटीपेन्सिल यांनी ‘सोमवारी रंग, मंगळवारी प्राणी’ ही मांडणी सोडली, ते मला योग्य वाटते. भाषा-संशोधक टिंकम यांनी १९९३ मध्ये आणि वॉरिंग यांनी १९९७ मध्ये केलेल्या प्रयोगांत एकाच गटातले नवे शब्द एकत्र शिकणे हे असंबद्ध शब्द शिकण्यापेक्षा कठीण गेले. ते प्रयोग मोठ्या माणसांवर, कृत्रिम शब्द वापरून झाले होते, त्यामुळे लहान मुलांच्या बाबतीत त्यांचा दाखला जपूनच द्यावा. परंतु ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ एकाच दिवशी शिकवून पुढे वर्षभर ते उलटसुलट होताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यात अनोळखी काही वाटणार नाही. ‘लेफ्ट’ पक्के होईपर्यंत ‘राइट’ वर्गात आणूच नये.

दुसरी गोष्ट घरच्या भाषेची आहे, आणि येथे पाटीपेन्सिल यांच्याशी माझे जुळत नाही. नव्या खेळाचे नियम इंग्रजीतून समजावताना हातवारे, अभिनय आणि गोंधळ यांत ५ मिनिटे सहज जातात. घरच्या भाषेत अर्ध्या मिनिटात काम होते. ज्यांना १०० तासांची इतकी काळजी आहे त्यांनी ही साडेचार मिनिटे का घालवावीत? मुले घरच्या भाषेत हुशार असतात आणि इंग्रजीत ती एकाएकी लहान बाळासारखी होतात. नियम, समजूत घालणे, भांडण सोडवणे हे सारे त्यांच्या भाषेत व्हावे आणि वाचलेला वेळ इंग्रजी खेळाला मिळावा.

जाता जाता त्यांच्या टाचणातल्या पहिल्या रकान्याविषयी. ‘मी नेमकी कोणती वाक्ये बोलणार’ हा रकाना, ज्यांचे स्वतःचे इंग्रजी सफाईदार नाही अशा शिक्षकांना फार मोठा आधार आहे. ‘मेक अ सर्कल’, ‘पास द बॉल’, ‘हूज नेक्स्ट?’ अशी २० वाक्ये आधी लिहून मोठ्याने म्हणून पाहिली की वर्गात अडखळायला होत नाही आणि मुलांच्या कानावर रोज तेच शब्द तशाच क्रमाने पडतात.

पाटीपेन्सिल

अनुस्वार, भांडण आणि समजूत यांबाबत मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. रडणाऱ्या मुलाला इंग्रजीत धीर देऊ नये. खेळाच्या नियमांबाबत मात्र मी माघार घेणार नाही. वर्गातले बाकी बहुतेक इंग्रजी सरावासाठी बोललेले असते. टेबलावर काय आहे हे सगळ्यांना दिसत असतानाच आपण ‘व्हॉट इज ऑन द टेबल?’ असे विचारतो. खेळाचा नियम समजला नाही तर मुलाला खेळता येत नाही, म्हणून तेथे ते जिवाचा कान करून ऐकते. नेमकी तीच ५ मिनिटे घरच्या भाषेला देणे मला पटत नाही. एकच खेळ पंधरवडाभर चालला की दुसऱ्या दिवशी नियम सांगायला एक मिनिटही लागत नाही, हाही एक हिशेब आहे.

खडूफळा, ‘आय वाँट’ आणि ‘कॅन आय’ यांविषयी आपले म्हणणे मला लागले, कारण मूळ लेखात मी तो भाग गृहीत धरून सोडून दिला होता. माझ्या वर्गात रंगीत खडूंचा डबा रोज एका मुलाच्या ताब्यात असतो आणि बाकीच्यांनी ‘कॅन आय हॅव द रेड वन?’ असे मागितल्याशिवाय खडू मिळत नाही. पहिले काही दिवस मुले फक्त ‘रेड, रेड’ म्हणतात, मग डबेवालाच अडून बसतो. ही भाषा नित्यक्रमातून वर्षभर चालू राहते, आपल्या २२५ शब्दांत ती मोजली गेलेली नाही. तरीही ती टाचणात लिहायला हवी होती. आता चौथा रकाना तिच्यासाठी करते.

आपले चौकोनही मी उद्याच वापरून पाहीन, कारण त्यांत स्पष्टीकरण नाही. माझा विरोध स्पष्टीकरणाला आहे. भाषा-संशोधक कार्मेन मुन्योस यांच्या स्पेनमधील बार्सिलोना येथील प्रकल्पात ८ व्या वर्षी आणि ११ व्या वर्षी इंग्रजी सुरू केलेल्या मुलांची सारख्याच तासांनंतर तुलना झाली, तेव्हा उशिरा सुरुवात केलेली मुले पुढे होती. मोठ्या मुलांना नियम समजावून घेता येतो आणि लहानांना भरपूर ऐकूनच तो सापडतो, असाच त्याचा अर्थ मी घेते. म्हणून लहानांच्या टाचणात समजावण्याला जागा कमी असावी आणि पुन्हा पुन्हा भेटण्याला जास्त.

खडूफळा

बार्सिलोनाचा अर्थ मी निराळा लावतो. लवकर सुरुवात केल्याचा फायदा थोड्या तासांत आपोआप मिळत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. आणि जे आपोआप मिळत नाही ते नेमके निवडून द्यावे लागते. यावर आपले मतभेद राहणार असे दिसते.

तथापि ‘मागचे काय परत येणार’ या रकान्याने मला माझी वही उघडायला लावली. मी क्रमाने लावलेल्या ४० वाक्यरचनांपुढे, त्या शिकवल्यानंतर पुन्हा कधी वापरल्या त्या तारखा लिहू लागलो. २३ रचना शिकवलेल्या दिवसानंतर वर्गात एकदाही परतल्या नव्हत्या. यादी मी सोडणार नाही. पुढच्या पंधरवड्यापासून नवी रचना घेण्याआधी त्या २३ पैकी दोन खेळात आणणार आहे आणि शुक्रवारी, डोळे मिटलेल्या वर्गात, त्या तपासणार आहे. काय आढळले ते याच धाग्यावर लिहीन. पाटीपेन्सिल, आपणही मांजराची गोष्ट संपल्यावर महिन्याने ‘अंडर’ तसेच तपासून पाहावे आणि किती मुलांचे हात खाली गेले ते येथे सांगावे.