मदत हवी आहे : सूक्ष्ममोटरींनी रंग शोषला की तोडला, हे कसे ओळखावे?

नागपुरात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी सक्रिय कोळशाच्या कणांवर मँगनीज डायऑक्साइड व मॅग्नेटाइट (चुंबकीय लोह ऑक्साइड) बसवून सूक्ष्ममोटरी, म्हणजे द्रवात स्वतःहून पळणारे सूक्ष्म कण, तयार केल्या आहेत. 2 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये त्या ऑक्सिजनचे बुडबुडे सोडत पळतात आणि शेवटी चुंबकाने काचेच्या कडेला गोळा होतात. पाण्यातील मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचे 664 नॅनोमीटरवरील प्रकाशशोषण झपाट्याने उतरते, परंतु मला रंगाचे रेणू न मोडता वेगळे करायचे आहेत आणि येथे फेंटन अभिक्रियेची (लोह व पेरॉक्साइड मिळून रंग तोडणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल बनण्याची) शंका येते. नुसत्या पेरॉक्साइडने रंग उतरत नाही, हे तपासले आहे. इथेनॉलने कण धुतल्यावर थोडाच निळा रंग सुटतो. अर्थात कोळसा तो सहजी सोडतच नाही. एचपीएलसी (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) उपलब्ध नाही, केवळ स्पेक्ट्रोफोटोमीटर (प्रकाशशोषण मोजणारे यंत्र) आहे. अशा स्थितीत टर्शरी ब्युटेनॉल हे अल्कोहोल घालून हायड्रॉक्सिल रॅडिकल अडवून पाहणे पुरेसे ठरेल का, की त्याने पृष्ठताण घटून मोटरींचा वेगच बदलेल?